हाताला लागेल तो

नाही गं, ते मी म्हणणार नाही — ‘देशसेवेच्या ओढीने हुंकार दलात आले’ — हे कुणी लिहून दिलं तुला, नरसिंहने? त्याला म्हणावं, हे दुसऱ्या कुणाच्या तोंडी घाल. पक्षाला माझ्यावर फिल्म करायचीय ना, ‘आमच्या पहिल्या महिला अध्यक्षा लतिका आंटी’ म्हणून? मग मी सांगते ते घे. तीनच मिनिटं हवीत? तीन ठेव, बाकीची फेकून दे, मला काय त्याचं. बस अशी, पंख्याखाली बस. देविका ना तू? करोलबागेत वाढलीस म्हणालीस, तरीच मराठी अशी ठेचकाळत येतेय — पण येतेय, हे काय कमी आहे. मुद्दाम मराठी मुलगी पाठवली त्याने, म्हणजे आंटी खूश होतील आणि गोड गोड बोलतील. आता पाठवलीच आहे तर ऐक. या अख्ख्या सोसायटीत मराठी कळणारं दुसरं कुणी नाही, आणि मुलगा माझा अमेरिकेत — ‘आई, ते राजकारण सोड’ याच्यापलीकडे त्याचं मराठी जात नाही.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधले. हे, म्हणजे विश्वनाथ, माझे मिस्टर, जन्मभर दुसऱ्यांच्या बदल्यांच्या फायली लिहीत बसलेला माणूस. रिटायर झाले तेव्हा सगळी दिल्ली गुडगावची स्वप्नं बघत होती. नवा जमाना आला होता ना! परदेशी कंपन्या, काचेच्या इमारती, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबायला नको, सगळं हवं तेव्हा, हवं तिथे. त्यात यांना त्या जाहिरातीतल्या गवताने वेड लावलं — हिरवंगार गवत, वर गोरं जोडपं, हातात सरबताचे ग्लास. मी म्हटलं, अहो, तिथे अजून सरसोची शेतं आहेत, नीलगाई फिरतात, भाजी आणायला ट्रॅक्टरवर बसून जावं लागेल. तर म्हणाले, ‘लते, क्वार्टरमधला खिळासुद्धा आधीच्या माणसाने ठोकलेला असतो. एकदा तरी आपण आपल्या भिंतीत आपला खिळा ठोकूया.’ आता यावर काय बोलणार? घेतला फ्लॅट. सातवा मजला. बिल्डर इंद्रजित सेठी — हो, तोच, आता ज्याचे पोस्टर लागलेत तो — त्याने स्वतः चावी दिली यांच्या हातात, वाकून पाया पडला, ‘अंकलजी, आजसे ये आपका महल’ म्हणाला. हे भोळे, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्या नाही आलं. मला त्याच्या वाकण्यात घाई दिसली होती.

महाल कसला — पाणी टँकरचं, रस्ता धुळीचा, आणि वीज म्हणजे पाहुणी, आली तर आली. जनरेटरचं वचन होतं, जनरेटर होताही, पण उन्हाळ्यात तो चालायचा फक्त पुढच्या टॉवरला, कारण तिथे इंद्रजितने कुठल्याशा परदेशी कंपनीचे साहेब भाड्याने ठेवले होते. आमच्या खिडकीतून दिसायचं — त्यांचे एसी टपटप पाणी गाळतायत आणि आमच्याकडे लिफ्टसुद्धा मजल्यांच्या मध्ये लटकलेली. अशाच एका दुपारी यांच्या छातीत कळ आली. जूनमधली दुपार, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. मी फोन केले, बाल्कनीतून ओरडले, गेटवर सांगितलं जनरेटर लावा — गेटवाला म्हणाला, सेठीसाहेबांची परमिशन लागेल. शेवटी वेताच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं त्यांना — कुणी? होते कुणीतरी, साइटवरचे मजूर होते — आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान टाकली. संपलं. पुढचे जिने कशाला उतरलो कोण जाणे, पण उतरलो.

रडत नाहीये मी. रडणं केव्हाच झालं. त्यानंतर जे झालं ते ऐक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. मी म्हटलं, याला सोडायचा नाही. आणि हेलपाटे सुरू झाले — हेलपाटे कळतं का? चक्कर, बेटा, चक्कर. पोलीस चौकीवर गेले, तर तिथला साहेब नावसुद्धा न विचारता म्हणाला, ‘मॅडम, हार्ट अटॅक लिफ्टमुळे येत नाही.’ कोर्टात गेले, तर तारीख. परत तारीख. त्याचा वकील उन्हाळ्याच्या सुट्टीवर, मग न्यायाधीशांची बदली. आमदाराकडे गेले — कोणता पक्ष विचारू नकोस, दोन्ही पक्षांचे झाले माझे — एकाने चहा पाजून बाहेर बसवलं, दुसऱ्याने आतच घेतलं नाही. आमची सोसायटीची कमिटी — सगळे रिटायर्ड अधिकारी, कर्नल, बँकेचे मॅनेजर — त्यांनी काय इंग्रजीत अर्ज लिहिला, वा! एवढं सुंदर इंग्रजी की इंद्रजितने उत्तर द्यायची गरजच नव्हती. एक दिवस त्याला साइटवर गाठलं मी. गाडीची काच अर्धी खाली केली त्याने आणि म्हणाला, ‘आंटीजी, उमर भी तो थी.’ वय झालंच होतं की! असं म्हणाला, आणि काच वर केली.

आणि आम्ही कसे होतो सांगू? हे मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. दर वेळी. शाईचं बोट आठवडाभर जपायचे. मीही गेले त्यांच्याबरोबर, कधी चुकवलं नाही. आणि ज्यांना ज्यांना मत दिलं त्यांच्यातला एकसुद्धा — एक सुद्धा, देविका — माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला नाही. न्याय मिळाला नाही हे मी सोसलं असतं गं. कुणाला मिळतो? पण माझ्याकडे मान वर करून कुणी बघितलं नाही, ते नाही सोसलं.

मग नरसिंह आला. आज स्कॉर्पिओतून उतरतो, तेव्हा स्कूटरवर यायचा. ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते त्याच्या बापाचं. इंद्रजितने जमीन घेतली, मिठाईचा डबा दिला आणि या पोराला गेटवर वॉचमन ठेवलं — आपल्याच शेताच्या कडेला उभं राहून आम्हाला सलाम ठोकायचा तो. हे जायच्या आधीच ते सोडून हुंकार दलात गेला होता. त्याने दारात चप्पल काढली, जमिनीवर मांडी घातली, आणि म्हणाला — अजून कानात आहे माझ्या — ‘आंटी, रोना है तो रो लो. मैं कोई तारीख नहीं दूँगा.’ बस्स. बसून राहिला. मी किती वेळ बोलले कुणास ठाऊक, मध्येच भान येऊन पोहे केले, ते खाल्ले त्याने, ताट स्वतः उचलून ओट्यावर ठेवलं. वर्तमानपत्रात मोठमोठे लेख येतात ना — लोक असल्या पक्षांच्या मागे का जातात, म्हणे महागाई, म्हणे बेरोजगारी, म्हणे अडाणीपणा. मी बी.ए. आहे! मी गेले कारण त्याने ताट उचललं.

आणि मग तो उठला, खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, ‘आंटी, तुमच्या वाटची वीज कोण खातं, बघितलंय कधी?’ मागच्या भिंतीपलीकडे बस्ती होती — मजुरांची, बंगाली बोलणारे, बहुतेक मुसलमान. इंद्रजितच्याच बांधकामावरचे लोक. तिथून तारा गेलेल्या होत्या, आकडे टाकलेले, कावळ्याच्या घरट्यासारख्या. खोटं नव्हतं ते. एवढंच एक खरं होतं, आणि तेवढं पुरतं बरं का, खोट्याचा डोंगर रचायला एवढा एक दगड खरा लागतो. मला कळत नव्हतं असं समजू नकोस. चार झोपड्यांचे चार बल्ब — त्याने लिफ्ट थांबते होय? कळत होतं मला. पण इंद्रजित राहायचा दिल्लीत, मोठ्या फाटकाच्या आत, कुत्री, गुरखे, वकील. आणि ही माणसं माझ्या खिडकीखाली. सूड घ्यायचा तर माणूस हाताला लागावा लागतो, देविका. ज्याने केलं तो लागत नाही. मग लागेल तो.

मला त्यांनी माइक दिला. तू हसशील — सरोजिनी नगरात असताना मी हळदीकुंकवाला आभार मानायलासुद्धा कागद बघून उभी राहायचे. इथे पहिल्याच सभेत यांचं मरण सांगितलं, आणि मग खिडकीतल्या तारा सांगितल्या, एकामागून एक, मध्ये काहीच नाही, इंद्रजितचं नाव नाही. आणि समोरची बाई रडायला लागली. तिच्या मागची मुठी वळायला लागली. नोकऱ्या गेलेले, गावच्या जमिनी गेलेले, नुसत्या हप्त्यांत पिचलेले — सगळ्यांच्या पोटात काहीतरी ठसठसत होतं, आणि मी त्याला बोट दाखवलं. काय वाटलं म्हणून सांगू? दारू पीत नाही मी, पण अशीच चढत असणार. त्यांनी मला अध्यक्षा केलं. भाषा त्यांची येत नव्हती नीट, हिंदीत मराठी मिसळायची, तेही त्यांना आवडायचं — ‘मराठी आंटी बोलती हैं तो आग लगती है.’

आग नंतर लागली. एका सकाळी मोर्चा काढला आम्ही बस्तीवर. नुसतं ‘खाली करा’ सांगायचं ठरलं होतं. मी पुढे. पोलीस होते, ते चहाच्या टपरीपाशी उभे राहिले आणि तिथेच राहिले. कुणी पहिली काडी लावली मला माहीत नाही, मी तरी नाही — पण ताडपत्र्या आणि पुठ्ठे, पेटायला काय वेळ लागतो. माणसं भांडी, गाद्या घेऊन पळतायत, कोंबड्या ओरडतायत, आणि तो मोफिजुल खांद्यावर शिलाई मशीन घेऊन माझ्यासमोर येऊन थांबला. पळाला नाही. म्हणाला, ‘काकी, आप?’ एवढंच. ‘काकी, आप?’

ओळखायचा म्हणजे? — ओळखायचा. साइटवर होता ना, येता-जाता दिसायचा — काकी कुठून म्हणजे, मी शिकवलं होतं त्याला, आंटी नको म्हण, काकी म्हण — अगं, असं काय बघतेस? त्याने आणि त्याच्या भावाने उचलली होती ती खुर्ची. हो. त्या दुपारी. मी ओरडले तेव्हा सोसायटीचे दरवाजे बंद होते, कर्नलसाहेब झोपले होते, आणि हे दोघं भाऊ भिंतीवरून उड्या मारून आले. सात मजले चढले आणि यांना घेऊन उतरले. घामाने निथळत होते, आणि तो सारखा यांना सांगत होता, ‘काका, डरो मत, बस आ गया, बस आ गया.’ यांनी मान टाकल्यावरही सांगत राहिला, कारण पुढच्या बाजूला होता, त्याला कळलंच नव्हतं.

झालं तुझं समाधान? हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. नरसिंहलासुद्धा नाही. नाही, त्याच्याने काही बदलत नाही. काय बदलतं? बस्ती गेली, तारा गेल्या. आणि वीज? तेवढीच जाते! परवाच दुपारभर नव्हती. पण पक्ष वाढला. नगरपालिका आली हातात, नरसिंहची गाडी आली, बंदूकवाला आला, आणि मी म्हटलं, आता. आता इंद्रजित. इतकी वर्षं याच दिवसासाठी घसा फोडला. नरसिंह म्हणायचा, ‘थोडा सबर, आंटी.’ सबर केला. आणि मागच्या महिन्यात भाजी घेऊन येत होते तर चौकात नवा बॅनर — हुंकार दलाचा अधिकृत उमेदवार, हात जोडलेला, इंद्रजित सेठी. आणि खाली कोपऱ्यात, त्याच्या पायाशी, सुपारीएवढा माझा फोटो.

नरसिंहला बोलावलं. या वेळी चप्पल काढली नाही त्याने. मी म्हटलं, ‘नरसिंह, तुझ्या बापाचं शेत आठव.’ तर म्हणाला, ‘आंटी, पार्टी बडी हो गयी है.’ मोठी झाली म्हणे! वाढली कशावर? माझ्या माणसाच्या मरणावर वाढली, आणि ज्याने मारलं त्याच्या मांडीवर जाऊन बसली. पण तेही गिळलं असतं कदाचित. तो स्वतः आला गं इथे. इंद्रजित. हार, पेढे, फोटोवाले. पाया पडला, तसाच, घाईने. याच सोफ्यावर बसला, चहा घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हसून मला विचारलं — ‘अंकलजी दिखाई नहीं दे रहे? कहीं बाहर गये हैं?’

तुला कळतंय का? त्याने सोंग नाही केलं. त्याला आठवतच नव्हतं. मी इतकी वर्षं त्याला घेऊन झोपले, त्याला घेऊन उठले, त्याच्यासाठी माझ्या हातांना आग लावून घेतली, आणि त्याच्या डोक्यात आम्ही एवढेसेसुद्धा नव्हतो. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, ‘हाँ, बाहर गये हैं.’ आणि त्याला अजून एक पेढा दिला.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. काही अवघड नसतं, शिकवलंय की पक्षानेच. मी कुणावर आरोप केला नाही. नुसतं विचारत गेले — मदर डेअरीच्या दुधाच्या रांगेत, सत्संगाला, पार्कमध्ये बायका पापड वाळवत बसतात तिथे. ‘काय गं, सेठीसाहेबांच्या नव्या साइटवर कामाला कोण आहेत? त्या जळलेल्या बस्तीतलेच म्हणतात, खरं का? त्यानेच सांभाळलंय म्हणे त्यांना. म्हणजे आपण हाकलायचं आणि आपल्या उमेदवाराने पोसायचं?’ एवढंच. खरंच होतं ते, स्वस्त मजूर कोण सोडतो? आणि पक्षातली तरणी पोरं, ज्यांनी काठ्या खाल्ल्या आणि तिकीट मात्र शेठला गेलं, ती भुकेलीच होती. आठवड्यात माझा प्रश्न माझ्याकडेच परत आला, आणि येताना दात घेऊन आला. आता म्हणतात इंद्रजित गद्दार आहे. म्हणतात नरसिंह विकला गेला. आज मोर्चा आहे. हा काय, आता निघेल. त्याच्या नव्या साइटवर. उभे टॉवर, अर्धे बांधलेले, पुढच्या आठवड्यात मतदान — बसू दे त्याला राखेत हात जोडून.

तिथे कोण राहतं? मजूर राहतात. साइटवर दुसरं कोण राहणार, इंद्रजित राहणार? — हो, पत्र्याच्या शेडमध्ये. बायकामुलं असतील. असतात. — मोफिजुल? मला काय माहीत. — बरं, माहीत आहे. गेल्या आठवड्यात रिक्षातून जाताना दिसला फाटकाशी. केस पिकलेत. आणि मला बघून त्याने हात वर केला, नमस्कार केला मेल्याने! शिवी दिली असती, थुंकला असता, दगड मारला असता तरी मी समजू शकले असते. नमस्कार कशाला? कुठल्या तोंडाने मी त्या माणसाच्या समोर — नको, ते जाऊ दे. मी त्याला मारायला नाही चाललेय. इंद्रजितला चाललेय. आता मध्ये तो येतो त्याला मी काय करू? दर वेळी तोच का येतो मध्ये, हे त्या देवाला विचार.

थांबवू शकते का? तू मला विचारतेस? शकते. का नाही शकणार? एक शब्द पुरे आहे माझा. ऐकतायस ना त्या घोषणा खाली — केव्हाची जमलीयत पोरं, पण निघत नाहीत, मी पुढे चालले नाही तर पाय फुटत नाहीत त्यांना. मी नुसती वर बसून राहिले, डोकं दुखतंय म्हटलं, तरी पांगतील घटकाभरात. पण का म्हणून थांबवू? माझ्यासाठी कोण थांबलं? एक जनरेटर — एक बटण गं, देविका, एक बटण दाबायचं होतं, आणि परमिशन लागली. आता माझी परमिशन लागतेय. अशी गोष्ट एकदा हातात आल्यावर सोडून देता येते, असं वाटतं तुला?

रडतेस कशाला? पूस डोळे. नरसिंहला फोन करायचा असेल तर कर, उचलणार नाही तो, मघापासून माझेच उचलत नाहीये. ऊठ. मला साडी बदलायचीय. आणि त्या साइटच्या रस्त्याने जाऊ नकोस — ऐकलंस का? — नाही म्हटलं ना, तिथे जाऊन तू काय करणार, तुला कोण ओळखतं तिथे! देविका! जिन्याने कुठे पळतेस, ए — देविका —